मम्मी येतेय

"बॅग इथे ठेवा, टोकन घ्या."

"ठेवली असती हो, पण हिच्यात हातोडी आहे."

"मग तर मुळीच आत नेता येणार नाही."

"अहो, मीच आत प्रदर्शन लावतोय!"

संग्रहालयात बॅगा सांभाळायच्या काउंटरवर बसून मी अशी पुष्कळ सोंगं पाहिली होती. पण हा खरंच इजिप्तच्या प्रदर्शनाबरोबर शहरोशहरी फिरणारा, काचेची कपाटं लावणारा निघाला. केसांत भुसा, आणि हसला की उजवा डोळा आधी मिटायचा... गडबडून मी टोकन उलटं पुढे केलं, आणि ते त्याने बरोबर हेरलं.

मग रोज चहाच्या सुट्टीत स्वारी काउंटरला टेकू लागली. आत काय काय मांडलं ते सांगायचा – निळे मणी, मांजरीची मूर्ती, लाकडी शवपेटी.

"रिकामीच आहे हं," एकदा म्हणाला. "झोपतेस का?"

"तू झोप. तेवढाच गप्प बसशील."

इकडे आत्याने माझ्यासाठी चष्म्याच्या दुकानदाराचं स्थळ धरून ठेवलं होतं. माणूस बरा होता, उत्तराची वाट पाहत होता. मी आज-उद्या करत होते. कारण आमचा हातोडीवाला डोळ्यांनी सगळं बोलायचा, तोंडाने मात्र लग्नाचा चकार शब्द नाही.

आणि एका संध्याकाळी तो धावतच आला.

"अगं, उद्या मम्मी येतेय! किती दिवस वाट बघत होतो... सगळ्यांच्या आधी तुला भेटवणार."

मी हातातली टोकनं खाली ठेवली. "मी... आवडेन त्यांना?"

"त्यांना?" तो खो-खो हसला. "वेडी! ती कुणाला नाही म्हणणार?"

मी तरंगतच घरी गेले. "आत्या, दुकानदारांना नकार कळव. त्याची मम्मी येतेय मला भेटायला." आत्याने तिथल्या तिथे फोन केला, आणि स्वतःच्या कानांतले मोती काढून माझ्या कानांत घातले.

दुसऱ्या दिवशी पांढरी फुलं घेऊन मी आत गेले. त्याने मला हात धरून शवपेटीपाशी नेलं. आत कापडाच्या पिवळट पट्ट्यांत गुंडाळलेलं एक लहानखुरं शरीर होतं.

"ही बघ इजिप्तची मम्मी! हिची परवानगी अडकली होती, काल सुटली." मग त्याला फुलं दिसली, मोती दिसले. "अगं... तुला वाटलं, माझी आई?"

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

"बरं," मी म्हटलं, "तिला कधी भेटवतोस?"

"तिला – म्हणजे, तू आवडतेस मला. खूप. पण आम्ही पुढच्या आठवड्यात दुसऱ्या शहरात... घरी इतक्यात कशाला?"

मी वाट पाहिली. लाज सोडून पाहिली. पण तो पांढरे हातमोजे चढवून पट्ट्या नीट करायला वाकला, इतक्या हळुवारपणे की मला त्या मेलेल्या बाईचा हेवा वाटला. फुलं मी तिथल्याच खुर्चीवर टाकली.

घरी आत्या दारातच उभी होती. "काय गं, आवडलीस का त्यांना?"

"त्यांनी डोळेच उघडले नाहीत, आत्या," मी म्हणाले, आणि तिच्या गळ्यात पडून रडले.