मध्यंतरात उतरवलेला चष्मा

सिनेमा लागला त्याच दिवशी चोरला गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी तो गावभर फोनवर फिरत होता. चोर मात्र थिएटरच्या मॅनेजरने आदल्या दिवशीच धरून ठेवला होता. फौजदारबाईंनी फक्त बेड्या घेऊन यायचं बाकी होतं.

चोर म्हणजे गणिताचे निवृत्त मास्तर. कानांनी ठार बहिरे. बोललेलं काचेवर अक्षरांत उमटवणारा चष्मा लेकीने घेऊन दिलेला. त्याला कॅमेरा होता, एवढाच गुन्हा. घर शिकवण्यांवर चालायचं; चोर मास्तरांकडे पोरं कोण पाठवणार?

"मध्यंतरात मीच पकडलं," मॅनेजर म्हणाला. "चष्मा तिजोरीत टाकला, म्हाताऱ्याला इथे ऑफिसात बसवलं. खेळ सुटेपर्यंत रखवालदार समोरून हलला नाही."

"आणि तुम्ही?" फौजदारबाईंनी विचारलं.

"हॉलच्या दारात. शेवटपर्यंत. मी सिनेमा बघत नाही बाई, प्रेक्षक बघतो."

त्याच्या छातीवर एक बारका दिवा लुकलुकत होता.

"हा कॅमेरा हॉलमध्ये चालतो वाटतं?"

"ही खासगी जागा आहे. नियम आमचे. असे दोनच आहेत, रखवालदाराचा आणि माझा. चोर टिपायला."

"चोरलेली प्रत पाहिलीत?"

मॅनेजर दुखावला. "चोरीचा माल बघायचा नाही, हाही नियमच. इथे कुणीच पाहिली नाही."

"मी पाहिली. पूर्ण. नोकरीच तशी," बाई म्हणाल्या. "त्यात चित्र संथ वरखाली होतं. चष्मा तसा हलत नाही. श्वास घेणारी छाती हलते."

मॅनेजरचा श्वास तेवढ्यापुरता थांबला.

"नायिका मरते, सगळं थिएटर रडतं, आणि कॅमेरा वळतो कोपऱ्यात फोन उजळवणाऱ्या माणसाकडे. अशा वेळी प्रेक्षकांवर नजर कोण ठेवतं?"

"रखवालदार."

"नायिका मध्यंतरानंतर मरते, साहेब. तेव्हा चष्मा तिजोरीत होता आणि रखवालदार या खोलीत. दारात कोण होतं, ते तुम्हीच सांगितलंत."

मॅनेजर दाराकडे वळला. छातीवरच्या दिव्याने तेही टिपून घेतलं.

"विकायला प्रत हवी होती आणि आळ घ्यायला माणूस," बाई म्हणाल्या. "माणूस मध्यंतरातच सापडला. घाई नडली. खेळ सुटल्यावर पकडलं असतंत, तर मास्तर अडकलेच होते."

मॅनेजरला नेल्यावर मास्तरांची लेक पुढे आली. "बाई, बाबांचा चष्मा?"

"तो मध्यंतरापासून तिजोरीत होता, त्यावरच ते सुटले. म्हणजे तो पुरावा झाला. खटला संपेपर्यंत आमच्याकडे राहील."

"म्हणजे किती वर्षं?"

बाईंनी चष्मा पाकिटात घातला, वर लाखेचा शिक्का मारला.

"काय म्हणाल्या गं?" मास्तरांनी लेकीला मोठ्याने विचारलं.

लेकीने हातानेच खूण केली, सुटलात. मास्तर हसले आणि चष्म्यासाठी हात पुढे करून उभे राहिले.