तीन बोटांची कड

थोरल्यांना पहिली नात झाली, त्या वर्षीची ही गोष्ट. पोर जेमतेम मान धरायला लागली होती.

सकाळी गॅरेजचं शटर वर गेलं आणि शाळेच्या निवृत्त बाईंची निळी गाडी दारात येऊन थांबली. बाई उतरल्या. दार उघडंच टाकलं.

"थोरले, हे बघा तुमचं काम."

बॉनेटच्या मधोमध कड्यासारखा फिकट डाग होता. आतला रंग दुधावरच्या सायीसारखा सुरकुतलेला. पाखराच्या शिटेनं रंग खाल्ला होता.

याच बॉनेटवरचे असले डाग थोरल्यांनी नुकतेच काढले होते. पाणकागदानं घासून, लॅकर मारून, वर कोटिंग चढवून. कोटिंग असलं की शीट वरच्यावर राहते, ओल्या फडक्यानं उचलली की संपलं. त्यासाठीच तर लोक लांबून त्यांच्याकडे गाड्या आणायचे.

"शीट कधी पडली?" थोरल्यांनी विचारलं.

"काल दुपारी."

"गाडी उन्हात?"

"उन्हात. पण दिसल्याबरोबर उचलली."

"कशी? घासून?"

"ओलं फडकं ठेवलं, मऊ होऊ दिली, मग टिपली. आयुष्यभर पोरांना सांगितलेलं ऐकायला लावलंय मी. तुमचं एवढं ऐकणार नाही का?"

"मधे कुणी धुतली? पॉलिश केली?"

"कुणी बोटही लावलं नाही."

थोरल्यांचा धाकटा भाऊ आतून येऊन उभा होता. गॅरेज दोघांचं. रंगकाम थोरल्यांचं, गिऱ्हाईक सांभाळणं धाकट्याचं.

"दादा, वकिलांची काळी गाडीही अशीच परत आली होती," तो हळूच म्हणाला. "तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही."

थोरल्यांना खोकल्याची उबळ आली. अलीकडे येत असे. धाकट्यानंच त्यांना तपासायला नेलं होतं, डॉक्टरांना भेटायला नंतर एकटाच गेला होता. छातीत कफ साचलाय, एवढंच येऊन म्हणाला.

बाई जाताना थांबल्या. "थोरले, तोंडावर बोलते. तुमचा हात गेला म्हणतात लोक. मी आजवर त्यांच्याशी भांडत होते."

त्या गेल्यावर धाकटा म्हणाला, "दादा, पुरे आता. घरी बस, नातीला खेळव. वहिनीही तेच म्हणते."

"हात गेलाय का, तेवढं बघतो. मग बसतो."

हाताशिवाय थोरल्यांकडे दुसरं होतं काय?

शेजारी दुसऱ्या एका गाडीच्या पॉलिशची तयारी चालली होती. हाताखालचा कारागीर काटकुळ्या तिथं चिंध्या गोळा करत होता. बायको-पोरांचा धनी, पण काडीसारखा म्हणून नाव काटकुळ्या. धाकटा रबर जपायला त्या गाडीच्या काचेलगत टेप लावायला बसला.

"धाकटे, ही पट्टी आहे की हमरस्ता?" काटकुळ्या म्हणाला. "थोडं बॉनेट पॉलिशलाही ठेवा."

"तू तुझ्या चिंध्या बघ."

थोरल्यांनी एक मग पाणी घेतलं आणि निळ्या गाडीच्या टपावर ओतलं. पाण्याच्या गोट्या झाल्या, घरंगळत खाली गेल्या. दारावर ओतलं. गोट्याच; कोटिंगवर पाणी असंच गोळा होतं.

बॉनेटवर ओतलं. लादीवर सांडावं तसं पाणी पसरलं.

थोरले खाली वाकले. काचेलगतच्या रबराच्या कडेनं मात्र एक अरुंद पट्टा होता, आणि तिथं पाण्याचे थेंब टपोरे उभे होते. पुढच्या कंपनीच्या चिन्हाभोवतीही तसाच पट्टा. त्यांनी त्यावर दोन बोटं आडवी ठेवली. अजून एक बोट मावलं.

त्यांनी हात पुसला आणि काटकुळ्याला हाक मारली.

"बाईंच्या गाडीला कोटिंग लावून मी घरी गेलो. गाडी कुठं होती?"

"मागच्या शेडमध्ये, कापडाखाली."

"कुलूप?"

"मी लावलं. किल्ली खिळ्याला. तिथंच असते, सगळ्यांना ठाऊक आहे."

"समोरच्यालाही?"

समोर एका नव्या पॉलिशवाल्यानं दुकान थाटलं होतं. काटकुळ्यानं मान डोलावली. "तो तर टपलेलाच आहे, थोरले. चहाच्या निमित्तानं आत डोकावून जातो."

"आणि तू? माझी जागा तुलाच मिळेल."

काटकुळ्याचा चेहरा उतरला. "तुमच्या हाताखाली शिकलो मी. असं विचारता?"

"सगळ्यांनाच विचारतोय."

पण धाकट्याला त्यांनी त्या दिवशी काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाईंना बोलावून घेतलं. काटकुळ्या आणि धाकटा होतेच. थोरल्यांनी सगळ्यांसमोर बॉनेटवर पाणी ओतलं.

"बाई, कोटिंग कमी पडलं नाही. ते इथं नाहीच आहे. मी गेल्यावर, वाळायच्या आत, कुणीतरी ते स्पिरिटनं पुसून काढलं. मग पाखरांनी आपलं काम केलं."

"समोरचा?" बाईंनी विचारलं.

"मलाही आधी तोच वाटला. पण ही कड बघा. रबरालगत कोटिंग शाबूत आहे. स्पिरिट लागलं की रबर पांढरं पडतं, म्हणून पुसणाऱ्यानं अंतर ठेवलं. वाईट करायला आलेला परका माणूस रबराची काळजी कशाला करेल? हे माझ्याकडे शिकलेला माणूसच करतो."

काटकुळ्या म्हणाला, "थोरले, देवाशपथ..."

"तू नाहीस. तुला मी दोन बोटं अंतर सांगितलं, तू दोनच ठेवतोस. मीही दोनच ठेवतो. इथं तीन आहेत."

धाकट्यानं काल लावलेली टेप शेजारच्या गाडीवर अजून तशीच होती. तिची रुंदी सगळ्यांना दिसत होती.

"आमचे वडील गेले तेव्हा हा एवढासा होता," थोरले धाकट्याकडे बघत म्हणाले. "मी त्याला कामाला बसवलं. बोटं बारीक, म्हणून म्हटलं, तू तीन ठेव. बोटं मोठी झाली. तिनाचे दोन करायला याला कुणी सांगितलंच नाही."

धाकट्यानं खाली बघितलं. "दादा, डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं लॅकरनं भरलीत. आता वास घेतला तर वर्ष निघणार नाही."

"मला का नाही सांगितलं?"

"तू ऐकलं असतंस? ताप असताना स्प्रे मारलायस तू. वहिनी म्हणाली, लेकीच्या बाळंतपणात हे सांगायला नको. म्हटलं, काम परत यायला लागलं की आपसूक घरी बसशील."

"म्हणजे तिलाही ठाऊक होतं."

"पुसायचं नव्हतं ठाऊक. आजाराचं होतं."

"आणि माझा हात गेला, हे लोकांत कुणी पसरवलं?"

"मीच," धाकटा म्हणाला.

"श्वास माझा होता रे," थोरले म्हणाले. "कमी उरलाय, एवढं मला सांगायचं होतंस. उरलेला कुठं घालवायचा ते मी ठरवलं असतं. तू माझं नाव पुसलंस, तेही मी शिकवलेल्या हातानं."

त्यांनी बाईंकडे बोट दाखवलं. "त्यांना सांग, दादाचा हात गेला नाही. वकिलांकडे जा, त्यांनाही सांग. तुझ्या तोंडानं."

धाकट्यानं सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं आणि गाडीची किल्ली थोरल्यांच्या हातात ठेवली.

ते बॉनेट थोरल्यांनी पुन्हा केलं. लॅकर काटकुळ्यानं मारलं, थोरले तेवढा वेळ रस्त्यावर उभे राहिले. कोटिंग मात्र स्वतः चढवलं, पाणी ओतून बघितलं आणि शेडचं कुलूप लावून किल्ली खिशात टाकली. खिळा उपटून फेकला.

घरी बायको नातीला थोपटत बसली होती. त्यांच्या चेहऱ्याकडे बघून तिला कळलं. "अहो, तुम्ही जगावं म्हणून..." ती म्हणाली.

"पोर झोपलीय, हळू बोल," ते म्हणाले आणि तोंड धुवायला गेले. तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. तिलाही काढू दिला नाही.

थोरले गॅरेजमध्ये जात राहिले, दाराशी खुर्ची टाकून. धाकट्याशी कामापुरतं बोलत. घरातल्या गोष्टी त्याला काटकुळ्याकडून कळत.

नात पावलं टाकायला लागली, त्या हिवाळ्यात एका पहाटे थोरले घरी झोपेत वारले.