रोझलीन मावशीची ओळ

यातलं एकही अक्षर मी वाढवलेलं नाही. उलट काही गाळलंय, कारण ते लिहिताना हात थांबतो.

गेल्या नोव्हेंबरातला दुसरा रविवार. दुपारचे तीन. वसई पश्चिमेचा आमचा दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट.

मी ग्लेन. माझी आई रिटा, पाचूबंदरची, लग्नघरी गाणी म्हणणारी. सोमवारी सकाळी तिच्या घशाचं ऑपरेशन होतं. कॅन्सर. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, आवाज राहणार नाही.

आणि तिच्या गाण्याचं एकही रेकॉर्डिंग आमच्याकडे नव्हतं. घरात माईक असून! जगभरच्या पोरांचं रॅप रेकॉर्ड करत बसलो, आईला मात्र "पुढच्या महिन्यात" सांगत राहिलो. लाज वाटते मला.

पंखा बंद केला. फ्रिज बंद केला. दारावर गोधडी टांगली.

"आई, सगळ्यात मोठ्या आवाजातली ओळ म्हण."

तिने म्हटली. माईक आवाज किती उचलेल ते ठरवणारं गेनचं बटण मी बेताने फिरवलं. आवाजाचं मीटर हिरव्यात, लालच्या बरंच खाली. आवाज लालला टेकला की फाटतो, आणि फाटलेला आवाज पुन्हा शिवता येत नाही. म्हणून वर जागा सोडायची असते.

लेव्हल झकास बसली होती.

रेकॉर्ड दाबलं. आईने पहिली ओळ म्हटली आणि ती थांबली. आमच्याकडे ही गाणी दोघींनी म्हणायची. एकीने ओळ टाकायची, दुसरीने उचलायची. आईची जोडीदारीण म्हणजे तिची बहीण, रोझलीन मावशी. मावशी सहा वर्षांपूर्वी गेली. तरी आई सवयीने तिच्या ओळीपुरती थांबत होती.

खोलीत शांतता...

आणि मीटर लाल.

पूर्ण लाल. हेडफोनमध्ये नुसती चरचर. आईची पुढची ओळ त्या चरचरीत फाटून गेली.

वायर बदलली. पुन्हा तेच.

गेन कमी केला. आईचा आवाज मुंगीएवढा झाला, त्यावर नुसतं सूंऽऽ. आणि ती थांबली की...

लाल.

गेन शून्यावर आणला. आई ऐकूच येईना. लाल मात्र तसंच.

सहा टेक गेले. आई घोटभर पाणी पिऊन खोकली. रुमालावर रक्ताचा ठिपका दिसला. मला रडू फुटायचंच बाकी होतं.

"आई, मध्ये थांबतेस तेव्हा काही करतेस का गं?"

"मी कशाला काय करू? ती संपवते, मंग मी उचलते."

"ती कोण?"

आईने माझ्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघितलं.

"रोझलीन. पैल्यापासून अशीच जोरात गाते."

अंगावर सर्रकन काटा आला. पण खरं सांगू? भीतीपेक्षा राग जास्त आला. तिच्या घशात फार तर एक गाणं उरलं होतं.

"मग थांबूच नकोस! तिची ओळपण तूच म्हण."

"नाय रं. ती तिची ओल हाय. मी घेतली त ती कुटं जाईल?"

मी ओरडलो. आजारी आईवर ओरडलो. "उद्या तुझा आवाज जाणारेय, कळतंय का तुला?"

तिने क्रूसाची खूण केली. मग सलग गायली, दोघींच्या ओळी, एकटीने.

मीटर एकदाही लाल झालं नाही.

फाटलेला टेक ठेवायचा नाही, ही माझी शिस्त. आधीचे सहाही मी लगेच उडवून टाकले.

ऑपरेशन झालं. आई वाचली. आता गळ्याला नळी आहे, ती पाटीवर लिहून बोलते. तीन आठवड्यांनी मी तिच्या कानांवर हेडफोन चढवले.

डोळे मिटून ऐकत होती. गालांवरून पाणी वाहत होतं. मनात म्हटलं, चला, आयुष्यात एवढं तरी नीट केलं.

गाणं संपलं. तिने पाटी ओढली...

"रोझलीन काय गायली रं! आता माजा आवाज लाव."

मी पुन्हा पुन्हा ऐकलंय ते. मला त्यात आईच ऐकू यायची. आता खात्री देता येत नाही. आईचा आवाज आठवायला जातो आणि हेच गाणं पुढे येतं.

तिला म्हटलं, फाइल शोधतोय. तिने हसून मान डोलावली.

रोज जेवण झालं की ती स्वतःच हेडफोन कानांवर घालते, आणि वाट बघत बसते.