डब्याची भोकं

दिवाळीपर्यंत मिरजोळ्याच्या महेंद्रकडचं फायबर-दुरुस्तीचं काम ओसरलेलं असतं. पावसात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात तेव्हा त्याला मान वर करायला सवड नसते. एकदा त्या समुद्रात गेल्या की औद्योगिक वसाहतीतल्या त्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये रिक्षांचे मडगार्ड आणि पाण्याच्या फुटक्या टाक्या तेवढ्या येतात. म्हणून मालगुंडच्या विनीतने जीपला बांधून तो डबा आणला, तेव्हा महेंद्रने फार चौकशी केली नाही. डबा म्हणजे सहलीत राहायची चाकांवरची खोली. आत पलंग, छोटा ओटा, छताला पंखा. पुढे जीप एवढीशी आणि मागे डबा हा एवढा, म्हणजे नाकापेक्षा मोती जड. पण हौसेला मोल नसतं. आपल्या नारळीच्या वाडीत तो उभा करून विनीत पर्यटकांना राहायला देत असे.

"पलंगाच्या बाजूला भिंतीत बारीक भोकं हायत, दादा," विनीत म्हणाला. "आधीच्या मालकाने स्क्रू मारले असतील. मुंग्या शिरतात. बुजवायची आणि वर रंगाचा हात मारायचा, बस."

"पाहुण्यांची काय तक्रार?"

"गुदमरतं म्हणतात. एवढी भोकं असून गुदमरतं. आता काय करायचं सांगा." विनीत हसला, तसा महेंद्रही हसला.

विनीत गेल्यावर त्याने भिंतीवरून बाहेरच्या बाजूने हात फिरवला. बाहेरून स्क्रू मारला तर पत्र्याची कड आत दबते. इथे सगळ्या कडा बाहेर वळल्या होत्या आणि त्यांची धार तळव्याला लागत होती. आतून कोणी कपडे टांगायला खिळे ठोकले असतील, असं म्हणून त्याने तो विचार सोडून दिला. लोक काय वाटेल ते करतात.

असलं भोक बुजवायची त्याची आणि स्वप्नाची, म्हणजे त्याच्या बायकोची, एक ठरलेली रीत होती. शेडचं शटर अर्ध्यावर ओढायचं, म्हणजे अंधारतं. एकाने दिवा घेऊन आत बसायचं. जिथून उजेड बाहेर येईल तिथे भोक. मग आतल्या माणसाने बोटाला प्लास्टिक गुंडाळून ते भोक दाबून धरायचं, म्हणजे बाहेरून लावलेलं पातळ, चिकट रेझिन आत गळत नाही. वर फायबरच्या धाग्यांची मॅट बसली की बाहेरच्याने दोनदा टकटक करायची. म्हणजे बोट काढ. बाकीचे कारागीर चिकटपट्टी लावतात, पण ह्या दोघांचा भरवसा बोटावर होता.

अडचण एकच होती. रेझिनच्या वासाने स्वप्नाची छाती वर्षभरापासून धरली होती. बंद जागेत बसू नका, कधी श्वास अडकेल सांगता येत नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तिचा श्वास म्हणजे महेंद्रच्या जिवाला लागलेला घोर झाला होता. रात्री ती खोकायची थांबली तरी हा उठून तिच्या नाकाजवळ हात धरून बघायचा.

"तू नको बसू. मी दुसऱ्या कोणाला बोलावतो," तो म्हणाला.

"कोणाला बोलावताव? अर्ध्या दिवसाचं तर काम. दार उघडं ठेवीन मी," असं म्हणून ती दिवा घेऊन आत गेलीसुद्धा.

पहिली काही भोकं पटापट झाली. उजेडाचा ठिपका दिसे, मग बोट येऊन तो विझे, महेंद्र मॅट बसवी आणि टकटक करी. भोकावर बोट आलं की त्याला बरं वाटे. बोट आलं म्हणजे ती ठीक आहे.

मग एकदम दोन ठिपके विझले. एक भिंतीच्या ह्या टोकाला, दुसरा त्या टोकाला, मध्ये चांगलं पाच-सहा हातांचं अंतर.

"स्वप्ना, दोन्ही हातांनी दाबतेस काय?"

"नाय वो. एकच दाबलंय. उशीकडचं."

त्याने पुन्हा पाहिलं. पायाकडचं भोकही दाबलेलंच होतं. पत्र्यात फिकट, गोल टोक दिसत होतं, प्लास्टिकची सुरकुती पडलेलं. तो बघत असतानाच ते मागे सरलं आणि उजेड परत आला. दिव्यापुढे काहीतरी आलं असेल, त्याने मनाशी म्हटलं. मग त्या भोकापुढे हाताची मागची बाजू धरली. कोमट हवा लागली. थांबली. मग आत ओढली गेली.

"पंखा लावलास काय आत?"

"पंखा बंद हाय. का?"

"काय नाय." दार उघडं आहे, वारा येत-जात असणार. पण त्याला ते फारसं पटलं नाही, आणि त्याने हात चड्डीला पुसला.

काम पुढे सरकलं तसा तिचा आवाज दमत गेला. "वायच धाप लागतेय," ती एकदा म्हणाली. तो म्हणाला, बाहेर ये. ती म्हणाली, थोडीच ऱ्हायलीत, करून टाका. हट्टाने ती कोणाला हार जायची नाही. अखेर उशीकडचं एक भोक तेवढं उरलं. महेंद्रने भांड्यात शेवटचं रेझिन कालवलं आणि त्यात ते घट्ट करणारा हार्डनर टाकला. हार्डनर पडला की रेझिन कोणासाठी थांबत नाही. भांडं गरम होतं आणि आतलं दगड होऊन जातं.

भोकावर बोट होतं. त्याने ब्रश उचलला, आणि त्याच्या पाठीमागे शेडमधला नळ बंद केल्याचा आवाज आला.

नळापाशी स्वप्ना ओढणीने तोंड पुसत उभी होती.

"तू कधी बाहेर आलीस?"

"मगाशीच," ती म्हणाली.

त्याने वळून भिंतीकडे पाहिलं. बोट तिथेच होतं. मग ते मागे गेलं, आणि भोकातून अगदी हळू आवाज आला. स्वप्नाचा.

"अहो, हे एक ठेवा. एवढ्यातनंच मला वारा येतोय."

नळाजवळच्या स्वप्नाचे ओठ मिटलेले होते.

तो धावत फिरून दाराशी गेला. दार उघडं होतं. आत हुकाला दिवा टांगलेला, चादर सरळ, पलंगाखाली मांजर मावेल एवढीच फट. आत कोणी नव्हतं. रेझिनच्या वासाने माणसाला भलतंसलतं ऐकू येतं, हे त्याने ह्या धंद्यात आधीही पाहिलं होतं. त्याला हायसं वाटलं. बायको बाहेर होती, धडधाकट होती. आणखी काय हवं होतं?

"आत कोण नाय," तो परत येऊन म्हणाला.

"मग बुजवा," स्वप्ना म्हणाली. "घट्ट होईल ते."

भांडं हाताला चटका बसण्याइतकं तापलं होतं. कालवलेलं फुकट घालवायचं त्याच्या हाताला ठाऊकच नव्हतं. त्याने मॅट भिजवली, भोकावर ठेवली आणि अंगठ्याने दाबली.

आतून कोणीतरी ती बाहेर ढकलली.

त्याने जोर लावला. आतूनही जोर आला.

मग आतून दोनदा टकटक झाली.

बोट काढ.

"धरून ऱ्हावा," मागून स्वप्ना म्हणाली. तिचा आवाज अगदी शांत होता.

तो धरून राहिला. अंगठ्याखालची मॅट पोळू लागली. पलीकडचा जोर हळूहळू कमी झाला, एकदा परत आला, आणि मग नाही आला. मॅट कडक झाली होती.

संध्याकाळी विनीत डबा ओढून घेऊन गेला. त्या रात्री स्वप्ना एकदाही खोकली नाही. कितीतरी महिन्यांनी महेंद्र मध्येच न उठता सकाळपर्यंत झोपला.

दोन-तीन दिवसांनी विनीतचा फोन आला. काम पक्कं झालंय, दार लावलं की आत एक कवडसा दिसत नाही, म्हणाला. पाहुण्यांचं विचारायचं महेंद्रच्या मनात होतं, पण त्याने विचारलं नाही. स्वप्नाला घेऊन तो रेशन आणायला गेला. कार्ड तिच्या नावावर, म्हणून अंगठा तिचाच लागतो.

तिने अंगठा मशीनच्या काचेवर ठेवला.

"कृपया बोट ठेवा," मशीनमधली बाई बोलली.

"फायबरवाल्यांचे ठसे झिजतात वहिनी," दुकानदार केरू म्हणाला. त्याने काच फडक्याने पुसली. "दुसरं ठेवा."

तिने दुसरं ठेवलं. मग तिसरं.

"कृपया बोट ठेवा."

"ठसा जुळत नाय असं कधी कधी म्हणतं," केरू पुटपुटला. "पण ह्याला बोटच दिसत नाय म्हणजे काय? दादा, तुम्ही वरून जरा दाबून धरा बघू."

महेंद्रने आपला अंगठा तिच्या बोटावर ठेवला आणि दाबला. स्वप्ना त्याच्याकडे बघत होती. त्याचा अंगठा तिच्या बोटातून खाली गेला, अगदी थंड काचेपर्यंत गेला.

"ठसा जुळत नाही," मशीन म्हणालं.