बारा कमानींचं माप

टेपचं दुसरं टोक धरायला कुणी नव्हतं, म्हणून मी उमरीच्या जुन्या रेल्वे कारखान्यात अर्धा तास एकटीच चिडत उभी होते. बाहेर श्रावणातली सर जोरात आली होती. चौकीदार जिलानीचाचा दारात बसून गुडघ्यांना तेल चोळत होते, आज उठवत नाही म्हणाले. तेवढ्यात एक चिंब भिजलेला माणूस मोटारसायकल ढकलत थेट आत आला.

“ओ, इथं गाडी नाही लावायची! मोजमाप चालू आहे.”

“एकटंच मोजून राहिलात?” त्यानं रुमालानं तोंड पुसलं. “द्या इकडं टोक. पाऊस थांबेपर्यंत धरतो.”

पाऊस वीस मिनिटांत थांबला. तो मात्र दिवस मावळेपर्यंत थांबला.

त्याचं नाव आनंदराज. रेल्वेत सिग्नल दुरुस्तीवर होता, आणि त्याचे आजोबा याच कारखान्यात लोहारकाम करायचे. मी महादेवी, उदगीरची. लातूरला एका आर्किटेक्टकडे नोकरी करते. “नावावरून मला वाटलं, साठीच्या असाल,” असं तो पहिल्याच दिवशी म्हणाला. मी तासभर त्याच्याशी बोलले नाही. फक्त मापं विचारली.

कारखाना पाडून तिथं गोदाम बांधायचं घाटत होतं. पुढच्या सोमवारी हे ठरवणाऱ्या रेल्वेच्या समितीची बैठक होती. त्याआधी इमारतीचा मापांसहित नकाशा पोचला, तर ती वाचण्याची आशा. नाही पोचला, तर बुलडोझर. माझ्याकडे आठ दिवस होते आणि ती इमारत मला पहिल्याच नजरेत आवडली होती.

आवडण्यासारखीच होती. खाली काळा दगड, वर विटांच्या बारा कमानी, मधल्या दोन कमानींच्या मध्ये कोरलेलं साल – १९००. तेव्हा इथं निजाम होता आणि विलायतेत व्हिक्टोरिया राणी. छप्पर करवतीच्या दातांसारखं, आणि काचा फक्त उत्तरेच्या बाजूला, म्हणजे काम करणाऱ्याच्या डोळ्यांवर ऊन येत नाही. इंजिनं दुरुस्त करणाऱ्या माणसांचा इतका विचार कुणीतरी केला होता!

“इकडं या,” तिसऱ्या दिवशी आनंदराजनं मला एका लोखंडी खांबाजवळ बोलावलं. “कान लावा.”

मी कान लावला… आत पाणी खळखळत होतं. खांब पोकळ होता. छपराचं पाणी त्याच्या पोटातून जमिनीखाली जात होतं. त्यानंही पलीकडून कान लावला. आमच्या नाकांमध्ये जेमतेम वीतभर अंतर होतं.

“ऐकू आलं?”

“हो… पाणीच आहे,” मी म्हणाले. छातीतली धडधड त्याला ऐकू जाऊ नये म्हणून मी लगेच बाजूला झाले.

रविवारी दुपारी चौकीत बसून नकाशा जुळवायला घेतला, तर तो जुळेना. बारा कमानींच्या मापांची बेरीज अख्ख्या भिंतीच्या मापापेक्षा जवळजवळ एक मीटरनं जास्त भरत होती! लातूरच्या आमच्या सरांना संध्याकाळी सहापर्यंत नकाशा हवा होता. मी आनंदराजला फोन केला. तो पंधरा मिनिटांत आला.

“टोक शून्यावरच धरत होतात ना?”

“शून्यावर? न्हाई. दहावर.”

“काय?”

“आमच्या खात्यात सगळे दहा सेंटीमीटरवरच धरतात. टोकाची कडी झिजलेली असते, माप खोटं येतं. वाचणारा दहा वजा करतो.” त्याचा चेहरा उतरला. “तुम्ही… करत नव्हता?”

“आठ दिवस! एकदा तोंडानं सांगायचं तरी!”

“तुम्ही एवढ्या शिकलेल्या. तुम्हाला काय सांगायचं, म्हणलं.”

मी रागानं एका कमानीतून दहा वजा केले. चार मीटर सदुसष्टचे झाले चार सत्तावन्न, म्हणजे बरोब्बर पंधरा फूट. मी उडीच मारली. बांधणाऱ्यांनी सगळं फुटांत आखलं होतं!

तेवढ्यात चाचा हळूच म्हणाले, “बेटी, मी तर अगदी टोकालाच धरून राहिलो होतो.”

माझा आनंद तिथंच संपला. आनंदराज ड्यूटीवर असला की टोक चाचा धरायचे. वहीत दोनशे मापं होती आणि कुठलं कुणी धरलं, हे एकापुढेही लिहिलेलं नव्हतं. सगळं पुन्हा मोजायला वेळ नव्हता. माझ्या हलगर्जीपणानं एवढी देखणी इमारत जाणार होती. मला रडू आलं.

“वाचा,” आनंदराज म्हणाला. “मी सांगतो.”

“पूर्वेकडून दुसरी कमान.”

“मी. तुमची पेन्सिल शेळ्यांच्या लेंड्यांत पडली होती. मलाच बोललात.”

“दक्षिणेचा दरवाजा.”

“चाचा. मी ड्यूटीवर होतो. दुसऱ्या दिवशी आलो तर तुमच्या बोटाला पट्टी होती. दाराचा खिळा लागला म्हणलात.”

“भट्टीची उंची…”

“मी. पिवळी ओढणी होती. मधीच हसलात. कशाला, ते सांगितलं न्हाई.”

मी वाचत गेले, तो सांगत गेला. एकदाही अडखळला नाही. मधूनच उठून मी चार मापं ताडून पाहिली, चारही बरोबर.

“एवढं कसं लक्षात राहिलं?”

तो जमिनीकडे बघत राहिला. “कमानी तुम्ही बघत होता… मी तुम्हालाच बघत होतो.”

गुडघे दुखणारे चाचा एकाएकी उठले आणि चहा आणायला पार स्टेशनपर्यंत चालत गेले.

आणि मी? एरवी तोंडाचा पट्टा चालू असलेली मी, “पश्चिमेकडून… पाचवी कमान,” एवढंच कसंबसं म्हणाले. सहाला दहा मिनिटं असताना नकाशा पाठवला. सोमवारी पहाटे काही न बोलता लातूरला निघून आले, आणि नंतर रोज स्वतःला शिव्या घातल्या.

बाराव्या दिवशी सरांनी बातमी दिली. पाडायचं रद्द! कारखाना आहे तसा दुरुस्त होणार. मी त्याला फोन लावायला घेतला… आणि ठेवून दिला. एसटीनं नांदेड गाठलं, तिथून रेल्वेनं उमरी.

तो रुळांपलीकडे सिग्नलच्या पेटीशी वाकला होता. मी बातमी सांगितली. त्यानं डोळे मिटून घेतले आणि हात जोडले. कुणाला, ते मी विचारलं नाही.

“फोनवर सांगता आलं असतं की,” तो म्हणाला.

“आलं असतं.”

“मग?”

“रविवारी उदगीरला याल? माझे अप्पा घरी असतात.”

“काय म्हणून येऊ?”

लातूर ते नांदेड मी वाक्यं पाठ केली होती. एकही आठवेना.

“तुम्ही मला आवडता म्हणून,” मी म्हणाले. “अन् अप्पांना जावई दाखवायचाय म्हणून.”

त्याच्या हातातला पाना खडीवर पडला. कान लालेलाल झाले.

“हाव,” तो म्हणाला.

“हाव म्हणजे?”

“हाव म्हणजे हाव. शनिवारीच निघतो.”