पाहुण्याच्या खात्यातली मालकीण

प्रशिक्षणाच्या खोलीतला कोपऱ्यातला संगणक पाहुण्यांसाठी ठेवलेला. पाहुण्याच्या खात्यातून फाइल वाचायची आणि उठायचं, त्यापलीकडे कसलाही अधिकार नाही. आणि मी त्याच खात्यातून, माझ्या चाळीस ओळींच्या प्रोग्रॅमच्या जोरावर, त्या यंत्राची मालकीण होऊन बसले होते. एवढ्यात आमच्याच कंपनीतला एक प्रोग्रॅमर प्रोजेक्टरची वायर शोधत आत आला... आणि पडद्याकडे बघत उभाच राहिला.

"पाहुण्या म्हणून आलात आणि सगळ्या घराच्या किल्ल्या तुमच्याकडे?"

"भटाला दिली ओसरी, दुसरं काय," मी म्हणाले. "कर्नलमध्येच भोक आहे. सिस्टीमच्या गाभ्यात! सोडून दिलेली मेमरी तिथे पुन्हा वापरली जातेय. ज्या शहाण्याने हे लिहिलंय—"

"तो शहाणा मीच."

माझे कान तापले. पण चूक ती चूक. तीन महिने मी तिच्या मागे होते, आणि आमचे साहेब म्हणत होते, "घुसणाऱ्याला आधी यंत्रात खातं लागतं ना? मग किरकोळ आहे." हाही तेच म्हणेल, गुपचूप दुरुस्त करेल आणि माझी मेहनत पाण्यात जाईल, अशी मला धास्ती वाटली. त्याच्या कोडची तर सगळी इमारत शपथ घ्यायची.

त्याने उभ्याउभ्या दोनदा वाचलं.

"किरकोळ नाही," तो हळूच म्हणाला. "मोठी आहे. आणि माझी आहे."

आमच्या धंद्यातला नियम असा, की दुरुस्ती तयार होऊन बाहेर पडेपर्यंत कुणापाशी अवाक्षर काढायचं नाही. म्हणून दहा दिवस आम्ही दोघं कँटीनच्या कोपऱ्यात डोकं जुळवून बसायचो आणि कुणी जवळ आलं, की लॅपटॉप मिटायचो. झालं! सगळीकडे कुजबुज सुरू. नाही म्हणायची सोय नव्हती, कारण खरं सांगायला बंदी.

"लोक काहीबाही बोलतायत," मी म्हणाले.

"बोलू देत." तो कपात बघत राहिला. "मला तर... बरं वाटतंय."

त्यानंतर मी एकच ओळ चारदा वाचली.

अकराव्या दिवशी दुरुस्ती जाहीर झाली. 'किरकोळ सुधारणा' लिहून तो सुटू शकला असता. त्याने लिहिलं होतं, 'चूक माझी, सात वर्षांपूर्वीची', आणि खाली, शोधणारी म्हणून माझं नाव. मी आईला फोनवर वाचून दाखवलं.

"आडनावासकट आहे ना?" आईने विचारलं, आणि पुन्हा एकदा वाचायला लावलं.

मला माझा अभिमान वाटत होता. त्याचा तर त्याहून जास्त. आपली चूक चारचौघांत कबूल करणारा माणूस इतका देखणा दिसतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये साहेबांनी स्वतः उठून माझं अभिनंदन केलं. शेजारी बसलेली मैत्रीण म्हणाली, "म्हणजे हे चाललं होतं होय? आम्ही उगाच भलतं समजत होतो."

"हेच चाललं होतं," मी म्हणाले, आणि कोपऱ्यातल्या रिकाम्या टेबलाकडे बघितलं. आता कोपऱ्यात बसायला कारणच उरलं नव्हतं.

तेवढ्यात तो दोन कप घेऊन सरळ आमच्या टेबलाशी आला.

"काम तर संपलं की तुमचं," मैत्रिणीने छेडलं.

"संपलं," तो म्हणाला. "म्हणून तर मोकळेपणाने सांगता येतंय." मग माझ्याकडे वळला. "मला तुम्ही आवडता. या टेबलाशी बसू... की परत कोपऱ्यात जायचं?"

मी शेजारची खुर्ची ओढली.

"इथेच बस," मी म्हणाले, आणि सगळ्यांच्या देखत त्याचा हात धरला.