मशीनरूमची किल्ली

नंदाबाई लिफ्टच्या खड्ड्यात पडून गेली, तेव्हा देवसावरगाव नगरपरिषदेने आधी काय केलं? लिफ्टमन महेबूबला पोलिसांच्या हवाली केलं. बाईच्या घरी निरोप त्यानंतर गेला.

नातीचा जन्मदाखला घेऊन बाई परत निघाली होती. दुसऱ्या मजल्यावर तिने लिफ्टचा दरवाजा ओढला, तो उघडला, तिने पाय टाकला. लिफ्ट तळमजल्यावर होती.

सरकारी लिफ्ट निरीक्षक आकांक्षा जालन्याहून आली ती थेट गच्चीवरच्या मशीनरूममध्ये गेली. विजेची पेटी उघडली आणि तिचं डोकं फिरलं. लिफ्ट समोर नसताना दरवाजा उघडू नये म्हणून कुलूप असतं. ते बिघडलं तर लिफ्ट जागची हलत नाही. इथे कुणीतरी एक तार जोडून ही सोयच मारून टाकली होती. तारेवर हळदकुंकू, झेंडूची वाळकी फुलं आणि तारेतच खोचलेलं एक सुकलेलं जोडपान.

खाली तिघे बसले होते. लिफ्टच्या देखभालीचा जुना ठेकेदार रामप्रसाद म्हणाला, पोळ्याला मुदत संपली, सगळं तपासून मशीनरूमची किल्ली नगरपरिषदेचा इंजिनिअर कल्याण याच्याकडे दिली. कल्याणने ते मान्य केलं. तो म्हणाला, दिवाळीच्या तोंडावर टेंडर उघडलं, सर्वांत कमी दर राधेश्यामचा, म्हणून किल्ली त्याला दिली. तोवर ती ड्रॉवरमध्येच होती. महेबूबने कधीतरी उचलली असणार.

"पेटीतली पूजा कुणाची?" आकांक्षाने विचारलं.

"आमचीच की, मॅडम," राधेश्याम ऐटीत म्हणाला. "पूजा केल्याबिगर आमचा माणूस मशीन चालवत न्हाई. काम मिळालं, मंग लक्ष्मीपूजनाला केली."

"तेव्हा तार होती?"

"बिलकुल न्हाई. ती महेबूबनं मागून जोडली."

"मागून जोडलेल्या तारेवर तुमचं कुंकू कसं?"

राधेश्याम कल्याणकडे बघायला लागला.

"आणि पूजा दिवाळीची नाही," ती म्हणाली. "तारेत आपट्याचं पान आहे. लक्ष्मीपूजनाला आपटा कोण वाहतं?"

आकांक्षाचा आवाज चढला. "दसऱ्याला टेंडर उघडलंही नव्हतं. तरी तुमची माणसं वर होती, कारण काम तुम्हालाच द्यायचं हे ठरलेलं होतं. बाकीचे दर नुसते दाखवायला. किल्ली कल्याणसाहेबांनी दिली. कुलूप बिघडलं. नवं बसवलं असतं तर काम मिळायच्या आधीच तुम्ही आत शिरल्याचं उघड झालं असतं. म्हणून तार जोडली. काम मिळाल्यावर तरी काढायची होती! मशीनला कुंकू लावलंत, वापरणारी माणसं मेली तरी चालतील?"

"मॅडम, चूक झाली," कल्याण पुटपुटला. "आता बाई तर गेली. आपसात मिटवू."

आकांक्षाने फौजदाराला आत बोलावलं आणि कल्याण, राधेश्याम दोघांना त्याच्या ताब्यात दिलं. महेबूबला सोडायला ती स्वतः ठाण्यात गेली.

महेबूब बाहेर आला. फौजदाराने खुर्ची पुढे केली. तो बसला नाही.

"दरवाजा बराबर लागत न्हाई, असं मी कल्याणसाहेबाला सांगून सांगून थकलो," तो म्हणाला. "दाखला बाईच्या हातातच राह्यला ना, साहेब. तो तेवढा घरी पोचवा."